टोपीवरचा मोहर

आक्का गेल्याचा भाच्याचा फोन पुसेगावहून आला तेव्हा मी हिंगोलीत दाढी करत होतो. उरलेला अर्धा गाल उरकला आणि मगच निघालो. सख्ख्या मोठ्या बहिणीच्या मरणावर असं वागू नये, हे मला कळतं. पण आक्का असती तर म्हणाली असती, ह्याच्याकडून आणखी काय होणार...

तिला सगळ्यातलं सुख कळायचं. हळद शिजायला लागली की ती वाफेत डोळे मिटून उभी राहायची. भजनात पेटीचा सूर लागला की तिच्या डोळ्यांना पाणी यायचं आणि मी शेजारी पेंगत असायचो. मला वास येतात, सूर ऐकू येतात, पण आत काही हलत नाही. यात माझा काय गुन्हा? माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात, हळदीच्या कढईपाशी सगळा गोतावळा जमलेला असताना तिने उपरण्याने माझे डोळे बांधले आणि नाकाशी एकेक मूठ धरली. कच्ची कोणती, शिजलेली कोणती? मी चुकलो. "ह्याला नाक न्हाई, नुसती जागा हाय," ती माझ्या नव्या बायकोला म्हणाली. बायकोही हसली. ते हसू मी चाळीस वर्षं विसरलो नाही.

यंदा आक्का अंथरुणाला खिळली. औषधांनी तिला वास येणंही बंद झालं. फोन येण्याच्या आदल्या दुपारी भेटायला गेलो तर म्हणाली, "बापू, आंब्याला मोहर आला का रे? वारं लागंल म्हणून घरचे खरं सांगून न्हाई राहिले. आला असंल तर पोरांला म्हणते, खाटंसकट भाईर न्या. एकडाव बघते."

मी त्याच आंब्याखालून आत आलो होतो. झाड मोहराने भरून गेलं होतं.

"न्हाई आला," मी म्हणालो. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

दिवस मावळल्यावर निघालो. पाया पडायला वाकलो तशी तिने माझ्या टोपीवरून काहीतरी उचललं. मोहराची काडी होती. आता ती मला खोटारडा म्हणेल, याची मी वाटच पाहत होतो...

"तुला दिसलाच नसंल," ती मायेने म्हणाली. "तुला इचारलं, माझंच चुकलं. आता अंधार पडला. उद्या नेतील मला."

सकाळी फोन आला.

टोपी खुंटीवर आहे. बायको धुवायला मागते, मी देत नाही. घरात कुणी नसलं की नाकाशी धरतो. घामाचा वास येतो, दुसरा कसलाच नाही.