पिवळं कार्ड

परळच्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या पेडणेकरबाईंचा आवाज भलता खणखणीत. गरिबाघरचं पिवळं रेशनकार्ड दिसलं की त्या ओरडायच्या, "ए पिवळं कार्ड, पुढे ये!" अख्खी रांग मान वळवून बघायची.

परवा एका म्हातारीने पदराखालून कार्ड काढून दिलं आणि बाई चरकल्या. बापाची गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या चाळीतून त्यांची आईही कार्ड असंच झाकून न्यायची.

केसपेपर झाल्यावर बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "रखमाबाई, या." कुणी उठेना. पुन्हा हाक मारली. दुसरीच कुणी रखमाबाई असेल म्हणून म्हातारी बाकावरून इकडेतिकडे बघत राहिली.

शेवटी शरमेने मान खाली घालून बाई पुटपुटल्या, "पिवळं कार्ड..."

म्हातारी लगबगीने उठली. "आले बाई, आले!"