आखाजीला अक्काला आणायला गेलो तेव्हा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात यावं का, असं कुणी विचारलं की मी आधी 'जरूर या' म्हणतो आणि मग 'पण जपून' म्हणतो. हे 'जपून' मी सत्तरच्या दशकात, वयाच्या चोविसाव्या वर्षी शिकलो. तेव्हा जळगावला कारकून होतो. सासरी गेलेल्या लेकीला आखाजीसाठी माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊच गेला पाहिजे, नाहीतर गावात तोंड दाखवायची सोय नाही. माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला दिलेली होती.

पहाटेची एसटी धरली. एरंडोल मागे पडेपर्यंत वारा बरा होता, पारोळ्याला मात्र खिडकीचा गज हाताला चटके देऊ लागला. तिथल्या थांब्यावर कांदाभजी खाल्ली आणि रांजणातलं पाणी प्यालो. तसं गार पाणी पुढे कुठल्या फ्रिजनं मला दिलं नाही. तिकीट किती होतं ते विचारू नका, विसरलो.

धुळ्यात अक्काच्या सासूबाईंनी चहा दिला आणि लगेच तोफ डागली. "न्या भाऊ तुमच्या बहिणीला. सकाळी हरणासारखी पळते आणि चुलीपुढे बसायची वेळ आली की आडवी होते. आखाजीत धड झाली तरच परत आणा."

अक्का खाली मान घालून पिशवी भरत होती. वर्षभर हेच चाललं होतं. मध्येच पायांना मुंग्या, मध्येच एका डोळ्यापुढे धुकं, काही आठवड्यांनी पुन्हा ठीक. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमळनेरच्या बसमध्ये मीही शहाणपणा केलाच. "अक्का, जरा मनावर घे ना," म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

अमळनेरहून गावापर्यंत बैलगाडी. गावात निंबाच्या झाडांना झोके बांधून झाले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, घराघरातून खापरावरच्या पुरणपोळीचा वास येत होता. कैरीचं पन्हं, आमरस, कुरडया! अजूनही आखाजी म्हटलं की पहिल्यांदा तो वासच येतो आणि जीव गलबलतो. अक्कासुद्धा एकदा झोक्यावर बसली आणि खळखळून हसली. मला वाटलं, बघा, काही झालेलं नाही हिला.

पण माय घाबरलेली होती. लेक धड करून परत पाठवायची होती आणि हातात चार दिवस होते. आमच्याकडे पाय जड झाले, मुंग्या आल्या की तो वात, आणि वाताला शेक. "ऊन पानीघाई आंग शेकी काढ, बठ्ठं सुटी जाई," असं म्हणत मायनं निरगुडीचा पाला टाकून हंडाभर पाणी तापवलं. भर दुपारी, वैशाखात! चुलीत लाकडं मीच सारली.

थोड्या वेळानं न्हाणीतून मायची हाक आली. धावत गेलो. अक्का लुगडं कसंबसं गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे पसरलेले. मी समोर उभा असूनही तिची नजर भलतीकडेच होती.

"भाऊ, तुनं तोंड दिखत नही रे माले," ती म्हणाली.

तिला उचलून मागच्या पडवीत नेलं, घागरीवर घागर ओतली, ओली धोतरं अंगावर टाकली. तासाभरानं ती म्हणाली, "तू रडस का रे?" म्हणजे दिसत होतं. संध्याकाळी ती स्वतःच्या पायानं घरात गेली. असं ढोंग जगात कुणाला जमत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी तिला धुळ्याला नेलंच नाही. दाजींना तार केली, आणि आम्ही तिघं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी ती गरम पाण्याची हकिकत मला दोनदा सांगायला लावली, बऱ्याच तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. उष्णतेनं नसांची जुनीच दुखणी वर येतात, अंग थंडावलं की बहुधा उतरतात, असं ते म्हणाले. खरा नवा झटका निराळा. तो दिवसेंदिवस टिकतो, ताप किंवा जंतुसंसर्गानंतर येऊ शकतो, तेव्हा तापाकडे दुर्लक्ष करायचं नाही.

धुळ्याला परतल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक दिवस उजाडायच्या आत होऊ लागला, आणि भाकरी त्याच थापू लागल्या.

तुमच्यासोबत असा आजार असलेलं कुणी असेल तर पहाटेची गाडी धरा, ओला पंचा जवळ ठेवा, दुपारी सावली सोडू नका. मी जळगावला परतलो तेव्हा माझ्याजवळ इस्पितळातला एकच प्रसंग उरला होता. हा आजार पुरता बरा होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दाजी खाली बसले, मी रडू लागलो, आणि अक्का आमच्याकडे बघून हसली.

"पन शे ना रे भाऊ?" तिनं विचारलं. "आजार खरंच शे ना?"

आजार असल्याचा आनंद व्हावा, इतकं आम्ही तिला एकटं पाडलं होतं.