शिऱ्याची खोली

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की सोफ्यावर केस आणि ग्रुपवर किस्से, दोन्ही साठत जातात. केस व्हॅक्यूमने निघतात. किस्से मात्र इथे अमेरिकेत, आमच्या प्लेनो गावातल्या सगळ्या मराठी घरांत फिरून येतात, आणि आमच्याकडचे बहुतेक मान खाली घालायला लावणारेच आहेत.

मुळात पिल्लू आणलं ते सासूबाईंसाठी. मागच्या खेपेला त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि कंटाळून निम्म्यातच परतल्या. आम्ही दोघं ऑफिसात, त्या दिवसभर एकट्या. या वेळी तरी त्यांचा जीव रमावा म्हणून शिरा आला. रंग अगदी तुपात भाजलेल्या रव्याचा, म्हणून नाव शिरा.

*

ट्रेनर बाई म्हणाली, "क्रेट म्हणजे शिक्षा नाही. ती त्याची खोली आहे."

माझ्या नवऱ्याने, प्रसादने, तो पिंजऱ्यासारखा जाळीचा क्रेट हॉलमध्ये मांडला. आई बघत उभ्या राहिल्या.

"काहून कोंडता बापा लेकराला?"

"अहो आई, कोंडत नाही. ही त्याची रूम आहे."

"मग कडी बाहेरून काहून?"

*

शिरा आत गेला की ट्रीट द्यायची, असं ठरलं होतं. आई तो बाहेर आला की द्यायच्या. "सुटून आलं बिचारं," म्हणत चिमूटभर शेव!

थोड्याच दिवसांत शिरा आत जायचा, गर्रकन वळून बाहेर यायचा आणि आईंसमोर ऐटीत बसायचा. ट्रेनरने विचारलं, "हे याला कोणी शिकवलं?" मी प्रसादकडे बघितलं, प्रसादने छताकडे.

*

गणपतीत घर भरलेलं, म्हणून शिरा क्रेटमध्ये. आरती सुरू झाली आणि त्यानेही आतून गळा काढला. आमच्या ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ, रिटायर्ड डॉक्टर काका, टाळ्या थांबवून म्हणाले, "सुरात एकटा तोच आहे. त्यालाच का आत ठेवलंय?"

*

आई रोज नागपूरला बहिणीला व्हिडिओ कॉल करतात, क्रेटसमोर बसून. एकदा मावशींनी मलाच गाठलं.

"मीनल, काय गुन्हा केला गं त्याने?"

मी भाषणच दिलं. त्याला सुरक्षित वाटतं, हळूहळू सवय लागते, मग तो रडतही नाही.

मावशी म्हणाल्या, "हो गं. आमची ताईही आता रडत नाही."

आई शेजारीच बसल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की फोन कोणी ठेवला तेही आठवत नाही.

*

पिल्लाला दुपारी एकदा बाहेर न्यावंच लागतं. शिरा दोरी ओढतो, आई पडतील, म्हणून आम्ही कुत्री फिरवून आणणारी मॅडी नावाची वॉकर लावली. दाराचा कोड तिच्याकडे आहे. आईंना मात्र आमच्या रोजच्या सूचना: एकट्या बाहेर पडू नका, इथली घरं सगळी सारखी, चुकाल.

फेरी झाली की मॅडी आम्हा दोघांना फोटोसकट मेसेज करते.

परवा मी मीटिंगमध्ये होते. फोटोत शिरा, आणि त्याच्या शेजारी आई. काठाची साडी, पायात प्रसादचे जुने स्पोर्ट्स शूज, काखेत पर्स. खाली मॅडीने लिहिलं होतं, "शिऱ्याची शू झाली, शी झाली. आज ग्रँडमाही तयार होऊन दाराशी उभ्या होत्या, म्हणून त्यांनाही नेलं. घरी आल्यावर शिरा लगेच आत गेला. ग्रँडमा जात नाहीयेत. काय करू?"