बोकडाला नाव नको

“शेळ्यांना नावं द्या, पण बोकडाला नगं,” शेळ्या सांभाळणारे बाबा पुटपुटले. चाकणजवळच्या फार्मच्या ओपन डेला मी सांगवीच्या आमच्या सोसायटीतली मुलं आणली होती. तोवर मुलांनी बोकडाचं नाव ‘मफिन’ ठेवलं होतं आणि त्याच्या गळ्यात रिबनही आली होती.

“का नको, आजोबा?” एका मुलीने विचारलं.

“नाव दिलं की हाकेला येतो. शनिवारी बाजारात बी असाच माझ्या मागं येईल.”

मॅनेजर धावत आला. “मफिन पिकनिकला जाणार!” त्याने बाबांना चारा आणायला पिटाळलं. जाताना बाबांनी रिबनची गाठ सैल केली. मंडपातून पालकांच्या मटण थाळीचा वास येत होता.

“दीदी, खरंच पिकनिक?” त्या मुलीने मला विचारलं.

मुलांना दाखवायला हातात धरलेला, शेळीचे फायदे लिहिलेला इंग्रजी तक्ता मी खाली ठेवला.

“नाही. बाबांना परत बोलवा. ते खरं सांगत होते.”