वकीलमामांची उलटतपासणी

वकीलमामांइतका उर्मट माणूस मी नगरमध्ये दुसरा पाहिला नाही, आणि नगरमध्ये उर्मट माणसांचा तुटवडा आहे अशातला भाग नाही. बंद पडलेली गाडी ढकलत, घामाघूम होऊन माणूस दुकानापर्यंत आला तरी मामा बसल्या जागेवरून हलायचे नाहीत. या नाही, बसा नाही, पाणी नाही. पहिलं वाक्य ठरलेलं. "गाडीला काय झालं ते गाडी सांगंल. तुमी काय केलं तेवढं सांगा."

मामा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. सावेडीहून नागापूरच्या एमआयडीसीकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. वकिलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण बॉनेट उघडण्याआधी ते गिऱ्हाइकाला असं काही उभं-आडवं घ्यायचे, की नाव आपसूक पडलं. गाडी धुतली का, पाण्याचा पाइप आत मारला का, नवा हॉर्न बसवला का, कोणी बसवला, त्याला कोणी शिकवलं. त्यांचं म्हणणं असं, की वायर आपणहून बिघडत नाही. माणूस नसता उद्योग करून ठेवतो आणि मग तोंड वर करून खोटं बोलतो.

एकदा माझ्यासमोर त्यांनी एका डॉक्टरांना धारेवर धरलं होतं. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या आणि डॉक्टर शपथेवर सांगत होते की गाडीत खाण्याची वस्तू कधी ठेवतच नाही. मामांनी सीटखाली हात घातला, भेळेचा कागद काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. "पेशंट तुमाला खोटं सांगतो तवा तुमी काय करता?" डॉक्टर त्या कागदाची घडी घालत राहिले. मी मात्र पदर तोंडाला लावून खुदखुदत होते. दुसऱ्याची फजिती बघायला कोणाला आवडत नाही?

हत्यार म्हणाल तर दोन वायरींना जोडलेला एक छोटा बल्ब. एवढ्यावर ते अख्ख्या गाडीतला करंट शोधायचे. गाडीला कॉम्प्युटर लावणाऱ्या मुलांबद्दल ते जे बोलायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शनिवारी दुकान बंद, कारण मामा मूळचे शनीच्या शिंगणापूरचे आणि शनिवारचं दर्शन त्यांनी कधी चुकवलं नाही. बाकी सहा दिवस भांडायला मोकळे. येता-जाता मी डबा दिला, तर त्यातली भाजी खाऊन वर मीठ जास्त झालंय म्हणायचे. मला राग यायचा, आणि तरी पुढच्या वेळी मी डबा न्यायचेच. तो माणूस मला आवडायचा, झालं का समाधान!

माझा डब्यांचा धंदा. जुनी मोटार घेतली होती, तिची मागची सीट काढून टाकलेली, आणि रोज साडेबाराच्या आत नागापूरच्या एका कारखान्यात साठ डबे पोचवायचे. माझं घर आणि माझ्या हाताखालच्या तीन बायकांची घरं त्या साठ डब्यांवर चालायची. आणि नेमकी ती मोटार रुसायला लागली. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं, दिवे मंद व्हायचे, पुढे काही नाही. मामांची उलटतपासणी नको म्हणून मी दुसरीकडे गेले. एकाने बॅटरी बदलली. दुसरा म्हणाला सेल्फ गेला, त्याने सेल्फ खोलला. दोन दिवस ठीक, की पुन्हा टक्. डबे दोनदा उशिरा गेले. कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं, बाई, तिसऱ्यांदा उशीर झाला की दुसरीकडून जेवण मागवणार.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती मामांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. साठ डबे मागे, घड्याळात बारा. रस्त्यावरच्या दोघांनी ढकलून दिली आणि ते निघून गेले. दुकानात मामा आणि मी, दोघंच. तुम्ही काय केलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

त्यांनी बॉनेट उघडलं. बल्बाची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाला टेकवली आणि मला सेल्फ मारायला लावला. बल्ब लागायला नको होता, तो लागला. म्हणजे बॅटरीतून इंजिनाला जाणारी जी जाड काळी अर्थिंगची तार, तिच्यातून करंट जातच नव्हता. तारेचं टोक हिरवंगार पडलं होतं. मामांनी त्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि तारेला गुंडाळलेला काळा दोरा चिमटीत धरला.

"इथं काय हुतं?"

"काही नाही म्हटलं ना," मी म्हणाले.

काय होतं ते आता सांगते. लिंबू-मिरची होती. एमआयडीसीतल्या दुसऱ्या डबेवालीची माझ्या धंद्यावर नजर आहे, असं माझ्या मनाने घेतलं होतं. पण मी केमिस्ट्रीची पदवीधर. हाताखालच्या बायकांना नजरबिजर सगळं थोतांड असतं म्हणून रोज झोडपणार, आणि स्वतः बंपरला लिंबू लावणार? म्हणून दर शनिवारी गुपचूप बॉनेटच्या आत, त्या काळ्या तारेला बांधायचे. गाडी बंद पडायला लागल्यावर एकाची दोन लिंबं केली. इंजिनाच्या उष्णतेने ती पिचायची आणि रस थेट तारेच्या टोकावर गळायचा. लिंबात आम्ल असतं, ते तांबं खातं, हे डब्यांच्या धंद्याआधी शिकवण्या घ्यायचे तेव्हा मुलांना मी घसा फोडून शिकवलेलं! त्या दिवशी गाडी मामांकडे ढकलत नेण्याआधी बॉनेट उघडून लिंबं तेवढी उपटून फेकली, दोरा राहिला.

मामा पाना ठेवून खाली बसले. म्हणाले, सांगितल्याबगर हात लावनार न्हाई. मी सांगितलं, मामा, साठ माणसं उपाशी आहेत, माझी ऑर्डर जाईल. ते म्हणाले, "तार मी आता साफ करीन. पन तुमी बोलल्या न्हाईत तर परत तेच करनार." मी नाही नाही ते बोलले. आडमुठा म्हणाले, माझ्या पोटावर पाय देताय म्हणाले. त्यांनी बिडी काढली. वीस मिनिटं आम्ही तसेच, ते बसलेले आणि मी उभी. शेवटी मीच बोलले, जमिनीकडे बघून.

"लिंबू बांधायचं तर बंपरला बांधा की," मामा उठत म्हणाले. "देवाला बंपर दिसत न्हाई व्हय?"

पॉलिश पेपरने तार घासून, बोल्ट आवळून पाच मिनिटांत काम झालं. पहिल्या चावीला गाडी सुरू. मी एकला दहा कमी असताना पोचले, तेव्हा कामगार दुसऱ्याच कोणाचं जेवण जेवत होते.

ऑर्डर गेली. तिघींपैकी दोघींना मला घरी बसवावं लागलं. आणि मी काय केलं? सावेडीतल्या बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. दुकान कुठलं, माणूस कोण, पाच मिनिटांच्या कामासाठी एका बाईला कसं वीस मिनिटं ताटकळत ठेवलं आणि तिच्या पोटावर कसा पाय दिला. शब्द न् शब्द खरा होता. फक्त लिंबू नव्हतं त्यात. तो मेसेज एका ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरत राहिला आणि भेटेल त्याला मी तेच सांगत राहिले, चार वर्षं.

मामा झटक्याने गेल्याचं गेल्या महिन्यात कळलं. दहावा झाल्यावर मी शिंगणापूरला त्यांच्या घरी गेले. गावच्या रीतीप्रमाणे चौकटीला नुसता पडदा होता, तो बाजूला करून मामींनी आत घेतलं. फोटोला हार होता. मामींनी चहा टाकला आणि सांगत बसल्या. सावेडीची गिऱ्हाइकं एकाएकी तुटली. दुकान सोडावं लागलं. शेवटची दोन वर्षं मामा दुसऱ्याच्या गॅरेजात राबले, त्यांच्यावर ओरडणारा मालक त्यांच्या निम्म्या वयाचा. "कोन्या बाईनं मोबाईलवर काय लिव्हलं हुतं म्हनं," मामी म्हणाल्या. "मी लई डाव इचारलं, नक्की झालं काय? तर म्हनायचे, गिऱ्हाइकानं मला सांगितल्यालं मी दुसऱ्याला सांगत न्हाई."

उठून निघून यायचं, कोणाला कळणार होतं? पण समोर तो फोटो. मी म्हटलं, मामी, ती बाई मीच. आणि लिंबापासून मेसेजपर्यंत सगळं सांगितलं, काही एक न गाळता.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. उठल्या आणि चहाखालचा गॅस बंद केला.

"हे त्यांच्या म्होरं बोलायचं हुतं," त्या म्हणाल्या. "जा आता."

मी पडदा सारून बाहेर आले. त्या घराला दार नाही, नाहीतर त्यांनी ते माझ्यामागे आपटून लावलं असतं.