मैनाचा हंडा, मैनाचं पोट

आमचे पेशंट बोलत नाहीत, त्यामुळं छावणीतल्या या जनावरांच्या क्लिनिकात जमतात ते सगळे किस्से मालकांचे! मी इथं नवी डॉक्टर, त्यात जरा भित्री. एकट्या मैनानं, म्हणजे अकरा वर्षांच्या लॅब्राडोरनं, मला किती वेळा हादरवलं बघा.

*

मैनाची मालकीण सुनंदाताई. आमच्याकडं नळ येणार आठवड्यातून एकदा, आणि यांचा पिण्याचा हंडा दुपारीच तळाला! तीच पाणी चोरते म्हणून वरच्या भाडेकरणीशी कडाक्याचं भांडण झालं. "खोली खाली करा" इथपर्यंत गेलं. मग एक दिवस हंड्यात तोंड घातलेली मैनाच सापडली!

*

मैनाचं पोट एवढं सुटलेलं, की शेजारच्या खालाजान शिरा घेऊन आल्या. "पेट से है बेचारी!"

अहो, तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन कधीच झालंय! तरी मी घाबरून गुपचूप सोनोग्राफी केलीच.

*

क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांना, आमच्या सरांना, कुशिंगचा संशय आला. म्हणजे अंगातलं स्टिरॉइड हार्मोन प्रमाणाबाहेर वाढणं. सकाळची लघवी हवी होती, पण मैना कुणी जवळ आलं की थांबायची. सुनंदाताईंचे सासरे, तात्या, पळी घेऊन तिच्यामागं बागभर फिरले आणि नमुना घेऊन ऐटीत आले.

सुनंदाताई किंचाळल्या, "तात्या, ती वरणाची पळी हाय!"

माझ्या हातून नमुन्याची बाटली पडणारच होती!

*

मग हे हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीला जागं करणारं इंजेक्शन देऊन रक्त तपासलं. रिपोर्ट बघून मी खुर्चीतच बसले. ती तहान, ते पोट, लक्षणं सगळी हार्मोन वाढल्याची, आणि रक्तात हार्मोन जवळजवळ नाहीच!

सर म्हणाले, "म्हणजे बाहेरून पोटात जातंय. तिची ग्रंथी झोपलीय. ते एकदम बंद झालं तर मैना जाईल. घरात स्टिरॉइड कोण घेतं?"

"तात्या, दम्यासाठी," सुनंदाताई म्हणाल्या. "पण रोज माझ्यासमोर घेतात!"

"घेतो की," तात्या म्हणाले. "गालात धरतो. लई कडू हाय. तू वळली की भाकरीच्या तुकड्यात घालून मैनाला."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून."

सुनंदाताईंनी कपाळावर हात मारला. सरांनी मैनाची गोळी हळूहळू कशी कमी करायची ते समजावलं. तात्या तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होते. मग हळूच म्हणाले,

"मंग त्या छातीच्या डॉक्टरनं परवाच मला तपासून सांगितलं, 'तात्या, गोळी मस्त लागू पडली', ते कसं काय?"