फ्लॅपवर उमटलेली बोटं

इथले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांचं मनातल्या मनात डायग्नोसिसही करून टाकते. मी प्लास्टिक सर्जन आहे, मयूर विहारला राहते. असल्या गोष्टींवर विश्वास तेव्हाही नव्हता, खरं सांगायचं तर आजही नाही. पण हे एक प्रकरण कुठे बसवावं तेच कळत नाही... म्हणून लिहितेय.

मागच्या हिवाळ्यात फरीदाबादहून एक नवजात मुलगा आमच्या दिल्लीतल्या हॉस्पिटलमध्ये आला. जन्मतःच कमरेपाशी पाठ मिटलेली नव्हती, मणका उघडा. आई सुनीता तिकडेच एका नर्सिंग होममध्ये होती. बाळंतपणात झटके आले, तेव्हापासून बेशुद्ध. वडील गणेश, मूळचा जालन्याचा, तिथल्या कारखान्यात सुपरवायझर. माझं आडनाव ऐकून त्याने हातच जोडले.

"मॅडम, तुम्ही आपल्याकडच्या? मग मला काळजी नाही."

मला मात्र होती. न्यूरोसर्जन सरांनी मज्जारज्जू आत घेऊन त्यावरचं आवरण शिवलं, पण वरची जखम इतकी रुंद की दोन्हीकडची कातडी जुळेना. मग मी बाजूची कातडी, तिचा रक्तपुरवठा न तोडता, सरकवून ती जागा झाकली. यालाच फ्लॅप म्हणतात. तो मेला तर मणका पुन्हा उघडा, आणि इन्फेक्शन थेट मेंदूपर्यंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्लॅप निळा पडला. हाताला गार. ताण कमी करायला काही टाके काढले, वर गॉजची हलकी जाळीदार पट्टी ठेवली आणि घरी गेले... करण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं.

सकाळी रात्रपाळीच्या जिन्सी सिस्टरसमोर गॉज उचललं. फ्लॅप निळाच होता — पण त्यावर चार गुलाबी पट्टे होते. शेजारी शेजारी. परातीतल्या पिठावर हात टेकला की बोटं उमटतात ना, तसे. मोठ्या माणसाची बोटं, बारीक. मी हात लावून पाहिला. तेवढाच भाग उबदार होता.

"सिस्टर, किसी ने हाथ लगाया?"

"नो मॅडम. गॉज भी नहीं हटाया." मग ती बाळाच्या डोक्याकडे बघत राहिली, आणि ती काय बघतेय ते माझ्या लक्षात आलं. बाळ पालथं होतं. बोटांची टोकं त्याच्या पायांकडे होती. म्हणजे हात डोक्याच्या बाजूने आलेला. आणि त्या बाजूला भिंत होती... वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारी खाट, तिला अगदी टेकवून ठेवलेला.

सर म्हणाले, "अरे यार, गॉजची घडी असेल." मीही म्हटलं, चलो, असेल. दुपारपर्यंत गुलाबी रंग पसरत गेला, पट्टे बुजले. फ्लॅप वाचला.

संध्याकाळी गणेश आला. सुनीता शुद्धीवर आली होती, पण त्याचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, मी तिला पाठीचं काहीच सांगितलं नव्हतं. कावीळ आहे म्हणून काचेत ठेवलंय, एवढंच बोललो. तर म्हणते, खोटं नका बोलू. त्याची पाठ गार पडली होती, मी हात ठेवून उभी होते. भिंतीला चिकटून... उभं राहायला जागाच नव्हती म्हणे."

गणेशने तो वॉर्मर पाहिलेला नव्हता. इन्फेक्शनच्या भीतीने त्याला आत सोडलंच नव्हतं.

पुढे सुनीताला चालता येऊ लागलं, तशी ती स्वतः आली. आम्ही बाळ तिच्या छातीशी दिलं. पोराने एक पाय झाडला. दुसरा कमजोर आहे, त्याची फिजिओथेरपी अजून चालू आहे. मला राहवेना. पाठीवरच्या त्या हाताबद्दल मी विचारलंच.

"मला नाही आठवत, ताई," ती म्हणाली. "मी तसं बोलले, असं हे सांगतात." तिने बाळाचा पाय दुपट्यात गुंडाळला. "एवढंच आठवतंय... तुम्ही त्याला शिवत होतात. आणि रडत होतात."

खरं होतं. त्या ऑपरेशनमध्ये मी रडले होते, मास्क आणि भिंगाच्या चष्म्याआड. कारण माझं मला ठाऊक, ते इथे लिहिणार नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणालाही कळलं नव्हतं. घरीसुद्धा मी एक अक्षर बोलले नव्हते. आणि सुनीता त्या वेळी तिकडे फरीदाबादला, बेशुद्ध.

"हो," एवढंच मी तिला म्हणाले.